वार्षिक लक्ष्य ७५ टक्के, पण मोजलं कुठून?

या वेळचं पत्र गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका आईचं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, नमस्कार. माझा मुलगा चौथीपर्यंत गावातल्या सरकारी मराठी शाळेत शिकला. तिथे तो नेहमी पुढे असायचा. जूनमध्ये त्याला पाचवीला शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात घातलं. पहिल्या सत्रात ४६ टक्के पडले. ओपन डेला बाईंनी एक छापील कागद दिला: सध्याचे गुण ४६, वार्षिक लक्ष्य ७५. खाली मुलाची सही आणि पालकांची सही. इतर आयांकडे चौकशी केली तर सगळ्यांच्याच कागदावर ७५. मुलाचे बाबा म्हणतात, लक्ष्य मोठं ठेवल्याशिवाय पोर हलत नाही. मुलगा आता शाळेची डायरी लपवतो आणि सकाळी पोटात दुखतंय म्हणतो. शाळेनं ठेवलेलं लक्ष्य बरोबर असतं का? सही करावी का? ट्युशन लावावी का? आणि शाळेत जाऊन विचारलं तर मुलावर राग धरतील का?"

नमस्कार.

सही करून टाका. पालकांच्या सहीचा अर्थ 'वाचलं' एवढाच, आणि त्यावरून वाद घालण्यात काही हशील नाही. मुलाची सही मात्र मला खटकली. दहा वर्षांच्या पोराकडून वर्ष संपेपर्यंत ४६ चे ७५ टक्के करण्याची हमी लिहून घ्यायची, आणि शाळा त्यासाठी काय करणार याबद्दल कागदावर अक्षर नाही (निदान तुम्ही उतरवून पाठवलेल्या मजकुरात तरी नाही). हमी एकाच बाजूनं, तीही सगळ्यांत लहान माणसाची.

लक्ष्य बरोबर आहे का हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: हा आकडा कुठून काढला, हे शाळेला सांगता येतं का? तुमच्या मुलाच्या वर्गात ज्याला ४६ आहेत त्यालाही ७५ आणि ज्याला ७२ असतील त्यालाही ७५. म्हणजे कुठल्याच मुलाकडे बघून तो काढलेला नाही. लांबच्या वाळपईहून आणि जवळच्या पर्वरीहून एकाच वेळी सुटलेल्या दोन बसगाड्या पणजी स्टँडवर एकाच वेळी लागल्या पाहिजेत, असं वेळापत्रक आपले सरकारी कदंब बसवालेसुद्धा करणार नाहीत.

असे आकडे बहुतेक वेळा दहावीकडून उलटे मोजत खाली येतात. आपल्या गोवा बोर्डाचा दहावीचा निकाल गेली काही वर्षं नव्वद टक्क्यांच्या वरच लागतो, त्यामुळे पास होण्याचं कौतुक संपलं. शाळेच्या फलकावर आता शंभर टक्के निकाल लागतो आणि त्याखाली नव्वदीच्या वरची नावं. मग नववीला अमुक हवेत, म्हणून आठवीला तमुक, असं करत करत ते ओझं पाचवीच्या बाकावर येऊन बसतं. व्यवस्थापनाला मुख्याध्यापकांकडून आकडा हवा असतो, मुख्याध्यापकांना बाईंकडून. बाईंनी तो मुलांना वाटला. त्यात दुष्टपणा नाही, पण तुमच्या मुलाचा विचारही नाही.

आता त्याच्या ४६ कडे येऊ. चौथीचे गुण आणि पाचवीचे गुण यांची वजाबाकी कृपा करून करू नका. त्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. तुमचं घर डिचोलीकडचं, म्हणजे मुलगा घरी कोकणी बोलत असणार, वाचायला-लिहायला शिकला मराठीतून, आणि आता गणित, विज्ञान, समाजशास्त्र सगळं इंग्रजीतून. इंग्रजी त्यानं एक विषय म्हणून शिकलेली असेल, पण विषय म्हणून इंग्रजी शिकणं आणि इंग्रजीतून अपूर्णांक शिकणं यात फार अंतर आहे.

ही वाट नवी नाही म्हणा. गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाल्यावर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारनं गावोगाव मराठी शाळा काढल्या, त्यांतून शिकून पाचवीला इंग्रजी हायस्कुलात गेलेली माणसं आज गोव्यातल्या प्रत्येक कचेरीत भेटतील. तुमच्या नातेवाइकांतलं कोणीतरी म्हणेलच, 'आम्ही नाही शिकलो?' शिकलात. पण तेव्हा वर्गातली पुष्कळशी मुलं एकाच वाटेनं आलेली असायची. १९९० च्या धोरणानुसार सरकारी अनुदान कोकणी आणि मराठी प्राथमिक शाळांनाच मिळायचं. २०११ नंतर ते इंग्रजी प्राथमिक शाळांनाही मिळू लागलं. आज पाचवीच्या वर्गात केजीपासून इंग्रजी ऐकलेली मुलं आणि तुमच्या मुलासारखी मुलं शेजारी शेजारी बसतात. बाई अर्थातच बहुसंख्य मुलांचा वेग धरतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण (२०२०) म्हणतं की शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत, घरच्या भाषेतून शिकवावं. आणि आपल्याकडे माध्यम बदलतं ते नेमकं पाचवीच्या उंबऱ्यावर. त्या वादात मी आज शिरत नाही. गोव्यात माध्यमाचा विषय काढला की पानातलं जेवण थंड होतं.

किती वेळ द्यायचा मग? कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९८० च्या आसपास परदेशातून आलेल्या शाळकरी मुलांबद्दल जे मांडलं ते अजूनही उपयोगी पडतं. नव्या भाषेत गप्पा मारता येणं साधारण दोन वर्षांत साधतं. पण पुस्तकातली आणि परीक्षेतली भाषा त्या भाषेत वाढलेल्या मुलांच्या तोडीनं यायला पाच ते सात वर्षं लागतात. ती मुलं तर अशा शहरांत राहत होती जिथे दुकानात, बसमध्ये, मैदानावर इंग्रजीच कानावर पडायची. तुमच्या मुलाची इंग्रजी शाळेची घंटा झाली की संपते. तो या भाषेत शिकायला लागून जेमतेम एक सत्र झालंय. त्या हिशेबानं ४६ हा आकडा मला मुळीच वाईट वाटत नाही. अर्धवट कळणाऱ्या भाषेत त्यानं जवळपास निम्मा पेपर बरोबर सोडवला.

पण हा माझा अंदाज झाला, आणि तो तुम्ही घरीच पडताळून पाहू शकता. गणिताच्या पुस्तकातली चार शाब्दिक उदाहरणं काढा, त्याला न येणारी. तीच उदाहरणं कोकणीत, नेहमीच्या बोलण्यात सांगा. दुकानदाराकडे तीस अंड्यांचे बारा ट्रे आले, पंचेचाळीस अंडी फुटली, उरली किती. त्यानं मान वर न करता उत्तर दिलं, तर गणित त्याला येतंय, प्रश्न वाचता येत नाहीये. लसावि काढणाऱ्या मुलाला पेपरात त्याचंच इंग्रजी नाव 'एलसीएम' दिसलं आणि त्यानं प्रश्नच सोडला, हे मी अनेकदा पाहिलं आहे. कोकणीतही अडला, तर भागाकारात किंवा पाढ्यांत कुठेतरी जुनी गळती आहे आणि ती आधी बुजवायला हवी. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे, आणि '७५' हा आकडा या दोन्हींतला फरक सांगत नाही. माझा त्या कागदावरचा खरा आक्षेप हाच.

दुसरं, त्याच्याकडून मराठीतलं न वाचलेलं एखादं पान मोठ्यानं वाचून घ्या. सहज, झोपायच्या आधी, घड्याळ हातात न धरता. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' कार्यक्रमात (२०२१) तिसरीच्या शेवटी मुलानं मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचावेत अशी अपेक्षा आहे. पाचवीतल्या मुलाला मराठी त्याहून सहज वाचता यायला हवी. ओळी हरवत असतील, जोडाक्षरांपाशी दरवेळी अडखळत असेल, वाचून झाल्यावर काय वाचलं ते सांगता येत नसेल, तर भाषा बदलल्यामुळेच सगळं झालं असं धरून चालू नका. छोट्या शाळेत तोंडी उत्तरं चटचट देणाऱ्या हुशार मुलाची वाचनातली अडचण चार वर्षं झाकून राहू शकते. मग शाळेच्या समुपदेशकांना भेटा आणि रीतसर तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमता ही अपंग व्यक्ती हक्क कायद्यात (२०१६) नोंदलेली आहे, तपासणीत ती आढळली तर परीक्षेत सवलती मिळतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुमच्या पत्रावरून मला ही शक्यता कमीच वाटते, तरी एकदा खात्री करा.

वरच्या दोन लक्ष्यांत काय फरक आहे पाहा. 'मिनिटाला साठ शब्द, समजून' यात मुलाला काय करता यायला हवं ते कळतं. नाही आलं तर काय शिकवायचं तेही कळतं. ते सगळ्या देशाला सरकारनं ठरवलेल्या मुदतीत, २०२६-२७ पर्यंत, साधेल की नाही हा भाग वेगळा, पण लक्ष्य म्हणून त्याला अर्थ आहे. ७५ टक्क्यांत ना इंग्रजी दिसते, ना गणित.

आणि टक्क्यांची गंमत अशी की त्यांचा पायाच डळमळीत असतो. वीस मार्कांच्या चाचणीत दोन मार्क म्हणजे दहा टक्के. एक सोपी जोडी लावा आली, एक गाळलेली जागा अंदाजानं बरोबर निघाली, की प्रगती झाली म्हणायचं? पुढच्या चाचणीत ४६ चे ५३ झाले तर पेढे वाटू नका आणि ४० झाले तर कपाळाला हात लावू नका. तीन-चार चाचण्या एकापुढे एक ठेवल्यावर काय ते कळेल.

अवाजवी लक्ष्याचं काय होतं याचा सगळ्यांत मोठा दाखला अमेरिकेतला. २००२ साली तिथे कायदा झाला की २०१४ पर्यंत प्रत्येक मूल वाचनात आणि गणितात ठरलेल्या पातळीला पोचलंच पाहिजे. शंभरातली शंभर मुलं. काही राज्यांनी काय केलं, तर पातळीच खाली आणली, म्हणजे पोचलेल्यांची संख्या आपोआप वाढली. २०१४ उलटून गेलं, शंभर टक्के कुठेच झाले नाहीत, आणि २०१५ च्या डिसेंबरात त्या कायद्याच्या जागी दुसरा कायदा आला. आपल्या शाळांतही ७५ गाठायचाच असं ठरलं की पेपर सोपे निघतात, 'महत्त्वाचे प्रश्न' आठवडाभर आधी सांगितले जातात, आणि मुलं उत्तरं पाठ करतात. तुमच्या मुलाचे खरोखरच ७५ झाले, तर ते कसे झाले हे आधी बघा असं मी म्हणेन.

मुलाच्या बाबांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. लक्ष्यानं मुलं हलतात, खरं आहे. पण जे हाताच्या अंतरावर असतं त्यानं हलतात. दररोज विज्ञानाच्या धड्यातले पाच शब्द अर्थासकट वहीत उतरवायचे, हे दहा वर्षांच्या मुलाच्या हातात आहे. पेपर कसा निघेल, बाई कशा तपासतील, हे त्याच्या हातात नाही. बाबांना विचारा, कामावर त्यांना कोणी साधन न देता, वाट न दाखवता, 'आणखी साठ टक्के जास्त काम काढ' म्हटलं तर ते काय म्हणतील. ४६ वरून ७५ म्हणजे तेवढंच होतं, हिशेब करून पाहा.

याच्या उलट टोकाचीही मला तितकीच धास्ती आहे, किंबहुना जास्त. 'गावातल्या मराठी शाळेतनं आलाय ना, पन्नास पडले तरी पुष्कळ झाले' असं म्हणणारी माणसंही शाळांत असतात. बोलताना त्यांचा स्वर मोठा प्रेमळ असतो आणि मूल तिथेच खिळून राहतं. तेव्हा शाळेत जाऊन 'लक्ष्य कमी करा' असं मागू नका. ७५ उद्याच गाठायचे की दोन वर्षांनी, आणि कुठल्या पायऱ्यांनी, एवढंच विचारायचं आहे. माझ्या पाहण्यात अशी मुलं, घरून धीर मिळाला तर, सातवी-आठवीत बरोबरीला येतात आणि काही पुढेही जातात, कारण दोन-तीन भाषांत विचार करायची सवय वाया जात नाही.

राग धरतील का, या प्रश्नाला छातीठोक 'नाही' म्हणणं मला जमणार नाही, माणसं आहेत. पण विचारायच्या पद्धतीवर बरंच अवलंबून असतं. ओपन डेच्या गर्दीत विषय काढू नका, तिथे प्रत्येक बाईंपुढे रांग असते. थेट मुख्याध्यापकांकडेही जाऊ नका, आधी वर्गशिक्षिकेकडून वेळ मागून घ्या. आणि तपासलेली उत्तरपत्रिका समोर ठेवून बोला. कुठले प्रश्न त्यानं सोडवून चुकवले आणि कुठले सोडूनच दिले, हे पाहिलं की बोलणं आपोआप टक्क्यांवरून मुलावर येतं. बाईंना कदाचित पहिल्यांदाच त्यांच्या मनातलं बोलणारे पालक भेटतील, कारण चाळीस मुलांच्या वर्गात हे कागद भरताना त्यांचंही समाधान होत नसणार.

तुमच्या माहितीसाठी म्हणून सांगते, कायदा या बाबतीत तुमच्या बाजूनं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २४ प्रमाणे प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरज असेल तिथे जादा शिकवणं आणि त्याच्या प्रगतीबद्दल पालकांशी नियमित बोलणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. कलम २९ मध्ये मुलाला भीती आणि ताण यांपासून मोकळं ठेवण्याचा उल्लेख आहे. हे डोक्यात असू द्या, पण बाईंच्या टेबलावर आपटू नका.

पाचवीत नापास करतील का, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण मनात असणार. याच कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला वर्षअखेर परीक्षा घेता येते. त्यात मूल अनुत्तीर्ण झालं तर जादा शिकवून दोन महिन्यांत फेरपरीक्षा द्यायची, आणि त्यानंतरही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवायची मुभा सरकारला आहे. शाळेतून काढून मात्र टाकता येत नाही. यंदा तुमच्या शाळेत कुठला नियम लावणार हे बाईंनाच विचारा. ४६ वाल्या मुलाच्या बाबतीत मला त्याची काळजी वाटत नाही.

ट्युशन आत्ता नको. दिवसभर न कळणाऱ्या भाषेत बसून आलेल्या मुलाला संध्याकाळी पुन्हा त्याच धड्यांसमोर, त्याच भाषेत बसवलं तर पोटदुखी वाढेल. त्याच बाई घरी ट्युशन घेतात असं कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. शाळेच्या शिक्षकांनी खाजगी शिकवण्या घ्यायला शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम २८ नं मनाई केली आहे. त्याऐवजी उद्याचा धडा आज रात्री मराठी-कोकणीतून समजावून सांगा, आधीच. शिकवून झालेला धडा गिरवण्यापेक्षा याचा फायदा कितीतरी जास्त. वर्गात विषय ओळखीचा असला की इंग्रजी शब्द त्याला आपसूक चिकटतात. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तरी हे जमतं, चित्रं पाहून आणि एखाद्या मोठ्या भावंडाला, शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला अर्धा तास हाक मारून.

पोटदुखीचं आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी काही नाही म्हटलं, तर रविवारी आणि सुट्टीत दुखतं का ते बघा. डायरी मात्र त्याच्याकडून हिसकावून घेऊ नका. त्याला सांगा की तो कागद वाचला, सही केली, आणि तो आकडा आता आई-बाबांनी बाईंशी बोलायचा विषय आहे, त्याचा नाही. हे बाबांनी सांगितलं तर जास्त बरं, कारण मुलाला भीती बहुधा त्यांचीच वाटते आहे.

बाईंना डायरीत असं काहीसं लिहा, मराठीतच लिहिलंत तरी चालेल:

"आदरणीय बाई, लक्ष्याचा कागद पाहिला, सही केली आहे. मुलगा मराठी माध्यमातून आला आहे. घरी गणिताची उदाहरणं कोकणीत सांगितली तर तो सोडवतो, पेपरात प्रश्न वाचताना अडतो असं आम्हाला वाटतं. त्याची गणिताची आणि विज्ञानाची उत्तरपत्रिका तुमच्याबरोबर बसून पाहायची आहे. पुढच्या दोन महिन्यांत त्याला नेमकं काय यायला हवं, त्यातलं शाळेत काय होईल आणि घरी आम्ही काय करावं, हे तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे. तुम्हाला सोयीचा दिवस कळवावा. आम्ही दोघंही येऊ."

कोकणीतल्या उदाहरणांचं ते वाक्य, ती करून पाहिल्यानंतरच लिहा. आणि 'दोघंही' लिहिलंत तर बाबांना खरोखरच रजा काढायला लावा.